मैदानाकडे पाठ

क्रीडा व्यवस्थापन या विषयात पदवी घ्यायची असेल तर विद्यार्थ्याने खेळणे ताबडतोब बंद केले पाहिजे, हे भिंगरीला प्रवेश घेतल्यावर कळले. आधी कळले असते तरी फारसा फरक पडला नसता, कारण निर्णय मामाचा होता, आणि मामाचा निर्णय त्या घरात वरच्या कोर्टाचा मानला जाई.

भिंगरी हे नाव तिला शाळेत पडले आणि मग घरच्यांनीही तेच उचलले. एका जागी बसणे म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते. आठशे मीटर ही तिची शर्यत. मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिली डोके ताळ्यावर ठेवून मारायची आणि दुसरी जिवावर उदार होऊन, असे तिला शाळेच्या खेळाच्या मास्तरांनी शिकवले होते आणि तिने ते तंतोतंत पाळले होते. शाळा संपली तेव्हा तिला फक्त धावायचे होते. आईला मुलीच्या हातात पदवी हवी होती. दोघींनी आठवडाभर एकमेकींशी अबोला धरला आणि मग मामाला बोलावले.

मामा एका गोदामात हिशेबनीस होता. खेळाशी त्याचा संबंध इतकाच, की टीव्हीवर सामना लागला म्हणजे तो संपेपर्यंत जागचा हलत नसे.

"ताई, ऐक माझं," तो आईला म्हणाला. "खेळणाऱ्याचं आयुष्य किती? गुडघा गेला की कारभार आटोपला. मॅनेजरचा गुडघा गेला तर काही बिघडत नाही. खुर्चीत बसायला गुडघा लागतो कुठे?"

"पण मला धावायचंय, मामा."

"मग धाव की! कोण नको म्हणतंय? त्या पदवीच्या नावातच क्रीडा आहे. दिवसभर मैदानावरच असाल तुम्ही लोक."

अशा रीतीने आईची पदवी आणि मुलीचे धावणे या दोन्हींची सोय एकाच अर्जात झाली. प्रवेश खेळाडूंसाठी राखीव जागेतून मिळाला, तोही शाळेतली पदके दाखवून. पदके बघून विभागप्रमुख इतके प्रसन्न झाले, की त्यांनी ती कार्यालयातल्या काचेच्या कपाटात ठेवून घेतली. विभागप्रमुख कायम ट्रॅकसूटमध्ये असत. ट्रॅकसूट घालून ते लिफ्टने पहिल्या मजल्यावर येत आणि खुर्चीत बसल्यावर थोडा वेळ दम खात.

मैदान होते, आणि ते देखणे होते. कडेने लालसर ट्रॅक, मध्ये हिरवळ, एक पातेसुद्धा वाकडे नाही. फाटकाला कुलूप होते आणि कुलपाच्या वर पाटी होती: 'सदर मैदान ही विभागाची प्रयोगशाळा असून विद्यार्थ्यांनी तिचा गैरवापर करू नये.' गैरवापर म्हणजे काय, याचा खुलासा खाली बारीक अक्षरात केला होता. त्यात धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे आणि विनाकारण हातवारे करणे यांचा समावेश होता. उत्कृष्ट निगा राखलेल्या मैदानाचा मान विभागाला दरवर्षी मिळे. तो देणारी समिती दरवर्षी फाटकाबाहेर उभी राहून मैदान पाही आणि समाधानाने परत जाई.

पहिल्या वर्षी परीक्षेत प्रश्न आला: 'धावणे म्हणजे काय? सविस्तर स्पष्ट करा.' भिंगरीला हसूच आले. इतका सोपा पेपर असेल असे तिला वाटले नव्हते. तिने लिहिले, की एक पाय टाकायचा आणि तो उचलला जातोय तोवर दुसरा टाकायचा. आधी दम लागतो, मग लागेनासा होतो, आणि मग पुन्हा लागतो तेव्हा खरी शर्यत सुरू होते. या उत्तराला शून्य मिळाले. शेजारी लाल शाईत शेरा होता: 'वैयक्तिक अनुभव. संदर्भ नाहीत.'

त्याच प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी तिच्याच बाकावर बसत असे. वर्गात तिला सगळे टापटीप म्हणत. तिच्या वह्यांना कव्हरे होती आणि कव्हरांनाही कव्हरे होती. आयुष्यात ती कधी धावली नव्हती. बस चुकेल म्हणून धावायची वेळ येऊ नये यासाठी ती आधीची बस पकडे. तिने लिहिले होते: 'धावणे ही एक गतिशील, बहुआयामी व फलनिष्पत्तीकेंद्री प्रक्रिया असून तिचे नियोजन, संघटन व नियंत्रण करणे हे व्यवस्थापकाचे आद्य कर्तव्य होय.'

"हे तुला सुचलं कसं?" भिंगरीने विचारले.

"सुचायचं काय त्यात? मागच्या वर्षी 'पोहणे म्हणजे काय' आलं होतं. तेच उत्तर आहे. फक्त पोहणे खोडलं." मग टापटीपने तिच्या उत्तरपत्रिकेकडे वाकून पाहिले आणि हळूच विचारले, "खरंच नंतर दम लागेनासा होतो?"

तेव्हापासून दोघींची गट्टी जमली.

दुसरे वर्ष खुर्च्यांमध्ये गेले. पहिल्या रांगेत सोफा, दुसरीत हात असलेल्या खुर्च्या, तिसरीपासून हात नसलेल्या. प्रमुख पाहुणा आणि विशेष पाहुणा यांच्यात किती अंतर असावे, विशेष पाहुणा आधी उठला तर प्रमुखाचा अपमान होतो का, आणि कार्यक्रमाला खेळाडू आले तर त्यांना बसवायचे कुठे. या शेवटच्या मुद्द्यावर ग्रंथांत एकमत नव्हते. काहींच्या मते खेळाडूंना उभे राहायची सवय असतेच.

धावायला भिंगरी पहाटे शहराबाहेरच्या रस्त्यावर जाई. मालवाहू गाड्या जागीच थरथरत उभ्या असत आणि त्यांच्या कडेकडेने ती जाई-येई. परत यायला उशीर होई आणि सकाळचा पहिला तास बुडे. तो तास तंदुरुस्तीच्या व्यवस्थापनाचा होता आणि खुद्द विभागप्रमुख तो घेत.

"कुठे होतीस?" त्यांनी एकदा तिला व्हरांड्यात गाठले.

"धावत होते, सर."

"तंदुरुस्तीचा तास बुडवून?"

"हो, सर."

"अगं, असं केलंस तर तंदुरुस्त कशी होणार तू?"

त्यांच्या आवाजात खरी काळजी होती, हे तिलाही जाणवले. हजेरीच्या तक्त्यात तिच्या नावापुढे लाल फुल्या वाढत गेल्या. टापटीपच्या नावापुढे एकही फुली नव्हती. तापाने फणफणलेली असतानाही ती येऊन बसे आणि तंदुरुस्तीचे फायदे उतरवून घेई.

तिसऱ्या वर्षी मात्र भिंगरीचे नशीब उघडले. महिलांच्या आठशे मीटरची निवड चाचणी कुठे घ्यायची, असा प्रश्न निवड समितीपुढे आला, आणि सर्वांत कमी झिजलेला ट्रॅक म्हणून विभागाचे मैदान ठरले. संघात एकच जागा. जी ठरलेल्या वेळेच्या आत पहिली येईल ती संघात. वयाच्या अटीत भिंगरी याच वर्षापुरती बसत होती. पुढच्या वर्षी तिला या गटात कुणी उभे केले नसते. ती बातमी वाचून ती व्हरांड्यातून जी सुटली ती थेट विभागप्रमुखांच्या टेबलापाशी थांबली.

"सर, मला धावायचंय."

विभागप्रमुखांनी तिला पाणी दिले. "चाचणीचं आयोजन कोण करणार? आपला शेवटच्या वर्षाचा वर्ग. तो तुमचा प्रकल्प आहे. आणि आयोजकच शर्यतीत उतरला तर लोक काय म्हणतील? हितसंबंध आला ना मध्ये!"

"मग मी आयोजनात नाही राहत, सर."

"नको राहूस की. पण प्रकल्पात नाही म्हणजे परीक्षेत नाही, आणि परीक्षेत नाही म्हणजे पदवी नाही. जबरदस्ती कसलीच नाही हं. आपल्याकडे विद्यार्थ्याला निर्णयाचं पूर्ण स्वातंत्र्य आहे."

ते स्वातंत्र्य घेऊन भिंगरी घरी आली. मामाने ऐकून कपाळाला हात लावला. "तीन वर्षं घासलीस ती काय दोन फेऱ्यांसाठी पाण्यात घालणार आहेस? अगं, धावून होतं काय? जिथून निघालात तिथेच परत येता ना तुम्ही!"

मामा गेल्यावर आई भिंगरीच्या शेजारी येऊन बसली. "शाळेत तुझी शर्यत बघायला आले होते मी एकदा," ती म्हणाली. "दुसऱ्या फेरीला तू समोरून गेलीस आणि मला रडू आलं. कशाचं ते अजून कळलं नाही मला." मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "पण पदवी घे गं बाई. माझ्यासाठी घे."

भिंगरीने पदवी निवडली.

आयोजनाला विभाग झपाट्याने लागला. स्वागत समिती, मंच समिती, पुष्पगुच्छ समिती, प्रसिद्धी समिती, समित्यांमध्ये मेळ घालणारी समिती आणि तिने घातलेल्या मेळाचा आढावा घेणारी समिती, अशा समित्या बनता बनता वर्ग संपत आला. शर्यतीसाठी एकच विद्यार्थिनी उरली. भिंगरीच्या हातात शिट्टी आणि वेळ मोजायचे घड्याळ देण्यात आले आणि तिची एकटीची वेळ समिती झाली.

चाचणीच्या दिवशी ते कुलूप एकदाचे निघाले. मंच आदल्या संध्याकाळीच हिरवळीवर उभा राहिला होता. पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून तो सकाळी फिरवण्यात आला, आणि मंच फिरला म्हणून खुर्च्याही फिरल्या. परिणामी सगळ्या प्रेक्षकांची पाठ ट्रॅककडे झाली. मंचावरच्या मंडळींना ट्रॅक समोर दिसला असता, परंतु पुष्पगुच्छ समितीने मंचापुढे फुलांची अशी काही भिंत रचली होती की पाहुण्यांना समोर फक्त फुले दिसत होती. फाटकापासून मंचापर्यंत लाल गालिचा अंथरला होता. तो वाटेत ट्रॅक ओलांडत होता आणि नेमका तिथे त्याला एक जाडजूड सुरकुती पडली होती. पलीकडच्या वळणावर जास्तीच्या खुर्च्यांची चळत ठेवली होती. फाटकावर स्वागताचा एवढा मोठा फलक होता की बाहेरच्याला आतले काही दिसू नये.

बाहेर स्पर्धक मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी रात्रभर प्रवास करून आली होती, कुणी बूट गळ्यात अडकवून आली होती. फाटकावर टापटीपची नेमणूक होती.

"काल उद्बोधन वर्ग होता, त्याचं प्रमाणपत्र दाखवा," ती म्हणाली.

"कसला वर्ग?" पुढची मुलगी म्हणाली. "आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"सूचना लावली होती."

"कुठे?"

"आत. फलकावर."

"आम्ही आत येऊन वाचणार कशी?"

"प्रमाणपत्र दाखवून," टापटीप म्हणाली, आणि आपण काय बोललो हे तिच्या तिलाच ऐकू आले. ती धावत नव्हती, पण त्या दिवशी पहिल्यांदाच बऱ्यापैकी भरभर चालत विभागप्रमुखांकडे गेली. "सर, त्या मुलींना सोडूया ना आत. लांबून आल्यात."

"नियम कुणी केलाय?"

"आपणच, सर."

"मग आपणच मोडायचा? शोभेल?"

सर्व स्पर्धक अनुपस्थित म्हणून जाहीर झाल्या आणि फाटक लागले. तेव्हा कुठे शर्यतीला आता कुणीच उरले नाही, हे विभागाच्या लक्षात आले. शर्यत नाही तर प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही तर अख्खा वर्ग नापास. प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहत होते. ट्रॅकच्या कडेला विभागप्रमुखांनी वर्गाला गोळा केले आणि प्रशासकीय निकड म्हणून हितसंबंधाचा नियम एका स्पर्धकापुरता शिथिल करीत असल्याचे सांगितले.

भिंगरीने त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच चपला काढल्या. देव पावला, असेच तिला वाटले.

"थांब, थांब," विभागप्रमुख म्हणाले. "विभागाच्या वतीने उतरणाऱ्याची हजेरी पूर्ण पाहिजे. तुझी भरत नाही. तंदुरुस्तीच्या तासालाच तुझ्या सगळ्यात जास्त फुल्या आहेत. हजेरी पूर्ण असलेली एकच आहे." आणि त्यांनी टापटीपकडे बोट केले.

टापटीपचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, मला धावता येत नाही!"

"धावण्यात तुला पैकीच्या पैकी आहेत."

"तो लेखी पेपर होता, सर!"

"मग हे त्याचं प्रात्यक्षिक. तू एकटीच आहेस म्हणजे पहिला नंबर तर ठरलेलाच."

"आणि वेळेची अट?"

विभागप्रमुखांनी प्रेमाने भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला. "वेळ समिती आहे ना आपली. वेळेचं व्यवस्थापन तीन वर्षं शिकवलंय. घड्याळ जरा उशिरा सुरू केलं की वेळ कमी भरते, हे काय मी सांगायला पाहिजे?"

एवढे बोलून ते मंचाकडे गेले. पाहुणे माईकवरून सांगत होते, की खेळात जिंकणे महत्त्वाचे नसून सहभाग महत्त्वाचा असतो. खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांकडे पाठ करून टापटीप काखेत फाईल घेऊन रेषेवर उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"मी काय करू गं?" तिने विचारले.

"चाल," भिंगरी म्हणाली आणि तिने शिट्टी वाजवली. त्याच क्षणी तिने घड्याळही सुरू केले, सेकंदाचाही उशीर न करता. टापटीप चालू लागली. पाच-सात पावले ती गेली असेल नसेल, भिंगरीच्या अंगात काहीतरी तुटले आणि घड्याळ मुठीत धरून, शिट्टी गळ्यात तशीच, ती अनवाणी धावत सुटली.

तीन वर्षे जो ट्रॅक तिने जाळीतून पाहिला होता तो पायांखाली इतका मऊ असेल याची तिला कल्पना नव्हती. ती टापटीपच्या शेजारून सरकन पुढे गेली. खुर्च्यांची चळत आली तेव्हा तिला बगल देऊन बाहेरून वळली, म्हणजे जरा जास्तच धावली. गालिच्याशी मात्र घात झाला. त्या सुरकुतीत पाय अडकला आणि ती सपशेल तोंडावर आपटली. शिट्टी ओठाला लागून रक्त आले. ती उठली. पहिली फेरी डोके ताळ्यावर ठेवून मारायची असते. तिने ते ठेवले. दुसऱ्या फेरीत टापटीप अजून पहिल्याच वळणावर होती. भिंगरी जवळ येताच तिने फाईल फेकून दिली आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "पळ गं, पळ! पळ!" यावेळी गालिच्यावरून भिंगरीने उडी मारली. दम लागला, लागेनासा झाला, पुन्हा लागला, आणि त्या शेवटच्या सरळ पट्ट्यात ती जी धावली तशी आयुष्यात पूर्वी कधी धावली नव्हती. रेषा ओलांडून तिने घड्याळ दाबले. ठरलेल्या वेळेच्या आत. चांगलीच आत. ती गुडघ्यांवर हात ठेवून हसत होती आणि रडत होती.

समोर शेकडो डोकी होती आणि सगळी मागून दिसत होती.

मंचावर पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहत विचारले, "शर्यत वगैरे झाली का?"

"झाली, साहेब," विभागप्रमुख म्हणाले. "शिस्तीत झाली."

निकालात टापटीपचा पहिला क्रमांक जाहीर झाला. ती मंचावर गेली, पुष्पगुच्छ घेतला नाही आणि माईकवर म्हणाली, की मी धावलेच नाही, भिंगरी धावली. तिच्या या विनयाला मोठी टाळी पडली. भिंगरीला ट्रॅकवर अनधिकृत व्यक्ती शिरल्याबद्दल प्रकल्पात नापास करण्यात आले. ती शिरली तेव्हा तिला अडवायची जबाबदारी वेळ समितीची होती, त्यामुळे दुहेरी नापास.

ती निवड समितीपुढे गेली. तिथली माणसे सौजन्याने वागली. तिची वेळ तिनेच मोजली होती, ती कशी धरणार? टापटीपने साक्ष देऊ केली. समितीने त्यावर सखोल विचार केला. हरलेल्या स्पर्धकाची साक्ष घेता येत नाही. जिंकलेल्याची घेता येते. पण जिंकलेलीच जर आपण हरलो म्हणत असेल तर ती जिंकलेली राहत नाही, मग तिची साक्षही राहत नाही. प्रेक्षकांची पाठ होती आणि आयोजक सगळे हितसंबंधी. तेव्हा टापटीपने सांगितले, की प्रसिद्धी समितीतल्या एका पोराने भाषणाला कंटाळून मोबाईलवर ती धाव पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत टिपली आहे, शेवटी घड्याळाचा आकडासुद्धा स्वच्छ दिसतो.

व्हिडिओ चालेल, समिती म्हणाली. मात्र आजकाल व्हिडिओत काहीही जोडता येते. म्हणून तो हा अर्ज येण्याआधी, कुणीही न सांगता, आपणहून आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला एक त्रयस्थ माणूस आणा. एकच पुरे. त्याने सांगितले की मुलगी रेषेपर्यंत गेली, की जागा तुमची. तीस तारखेपर्यंत ती आम्ही रिकामी ठेवतो.

भिंगरीच्या जिवात जीव आला. कारण तोवर तो व्हिडिओ गावभर झाला होता. 'आयोजकच पळाले!' असे नाव देऊन त्या पोराने तो सोडला आणि लाखो लोकांनी पाहिला. त्यांतला एक माणूस मिळायला काय वेळ लागणार होता?

ती शेजारच्या शिंप्याकडे गेली. "काका, माझा व्हिडिओ पाहिला होता ना तुम्ही?"

"पाहिला म्हणजे? हसून हसून मुरकुंडी वळली! गालिच्यावर काय आपटलीस गं!"

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय? पडलीस, संपला ना तो?"

औषधांच्या दुकानदाराने तो साऱ्या नातेवाइकांना पाठवला होता. त्याच्यापुरता तोही गालिच्यापाशीच संपला होता. बँकेतल्या बाईंनी पडण्याचा तुकडा चारदा पाहिला होता. एका निवृत्त क्रीडाशिक्षकाने खाली लांबलचक प्रतिक्रिया लिहिली होती, की हल्लीच्या मुलांत चिकाटी नाही, पडली की उठत नाहीत. मामाने तर तो घरच्या ग्रुपवर टाकला होता, वर हसणारे चेहरे लावून.

"मला काय माहीत तू आहेस ते? मागून ओळखू आली नाहीस," मामा म्हणाला.

"पुढे तोंड दिसतं माझं, मामा. दुसऱ्या फेरीला."

"दुसरी फेरी पण आहे त्यात?"

आईने तो रोज पाहिला होता, शेवटपर्यंत, आणि प्रत्येक वेळी रडली होती. पण आई त्रयस्थ नव्हती. टापटीप तर घरोघर हिंडली, वर्गातल्या वह्या असतात तशी तिने गल्ल्यांची टापटीप आखणी केली होती. लोक म्हणायचे, आता पाहतो ना, लगेच पाहतो. पण आता पाहून भागत नव्हते.

तुमच्याकडेही तो आला होता. आठवून पाहा: लाल गालिचा, गळ्यात शिट्टी, अनवाणी मुलगी. तुम्ही तिचे कुणी लागत नाही, तिच्या विभागाला ओळखत नाही, तुम्हाला कुणी पाहा म्हणून सांगितले नव्हते. समितीला हवा होता तो माणूस अगदी तुमच्यासारखा. पुढचे दीड मिनिट तुम्ही बोट आवरले असते तर ती उठून रेषा ओलांडताना दिसली असती. तुम्ही गालिच्यापर्यंत पाहिलात, हसलात आणि पुढे ढकललात.

आता शोधू नका. आज एकतीस तारीख आहे.